दोन लाख फेऱ्या, चार लिटर ऑइल

छोट्या मोटारीच्या टर्बोमधलं चाक जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर व्यासाचं असतं आणि जोरात असताना ते मिनिटाला दोन लाख फेऱ्या मारतं. हिशेब करून बघा. ३.८ सेंटिमीटरचं चाक, दोन लाख फेऱ्या, म्हणजे त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. अहमदपूरहून नांदेडकडे निघालात, समोर उसाची ट्रॉली आली आणि ओव्हरटेकसाठी पाय दाबलात, की बॉनेटखाली एक चाक आवाजाला मागे टाकून धावत असतं.

त्याहून भन्नाट गोष्ट पुढे आहे. बहुतेक गाड्यांत या चाकाच्या दांड्याला बॉल बेअरिंग नसतं. दांडा एका बुशात बसतो, आणि दांडा व बुश यांच्यामध्ये फक्त ऑइलचा पापुद्रा असतो, मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचा. एवढ्याशा पापुद्र्यावर दांडा तरंगतो. पापुद्रा तुटला की धातूला धातू लागतो, आणि टर्बो गेला.

डिझेल गाडी म्हटली की आता टर्बो आलाच. पेट्रोलमध्येही एक लिटर, सव्वा लिटरच्या टर्बो गाड्या अहमदपूर, चाकूर, लोह्याच्या रस्त्यांवर सर्रास दिसतात. त्यामुळे स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर रोज एकच प्रश्न येतो: कोणतं ऑइल टाकू? उत्तर गाडीच्या पुस्तकात छापलेलं आहे. ते असं का छापलंय, याच्या गोष्टी फार मजेदार आहेत.

एका बाजूला भट्टी

टर्बोला दोन चाकं असतात, एकाच दांड्यावर. एका चाकाला सायलेन्सरकडे निघालेला तापलेला वायू फिरवतो. दुसरं चाक त्याच फिरण्यावर बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. पेट्रोल गाडीत हा वायू ९५० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकतो, डिझेलमध्ये ८००च्या आसपास. काही सेंटिमीटर अंतरावर मधल्या बुशात ऑइल वाहत असतं. वंगण करणं आणि उष्णता वाहून नेणं, दोन्ही कामं त्याचीच.

इंजिन चालू आहे तोवर ऑइल वाहतं आणि सगळं ठीक असतं. घाट चढून, ताशी शंभरने पळवून गाडी ढाब्यासमोर उभी केली आणि तत्क्षणी चावी फिरवली, की ऑइल पंप थांबतो, पण टर्बोचं लोखंड तापलेलंच असतं. बुशात अडकलेलं ऑइल तिथेच भाजतं आणि त्याची काळी कडक खपली बनते. गॅरेजात खोललेला टर्बो कधी हातात मिळाला तर त्याची ऑइलची नळी बघा. बोटाहून बारीक असलेल्या त्या नळीच्या आतल्या भिंतीवर खपलीचे थर चढलेले असतात. भोक लहान झालं की ऑइल कमी पोचतं, आणि दोन लाख फेऱ्यांचा दांडा उपाशी राहतो.

नव्या गाड्यांत टर्बोभोवती पाणीही फिरवतात. काहींत इंजिन बंद केल्यावरही छोटा विजेचा पंप किंवा पंखा थोडा वेळ घरघरत राहतो. तो बिघाड नाही, टर्बोला थंड करणं चालू आहे. तरी लांब, जोराच्या पल्ल्यानंतर मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवून मग बंद करणं ही उत्तम सवय आहे. गावातल्या गावात सावकाश फिरून आलात तर त्याची गरज नाही.

मे महिन्यातली थंडी

‘आपल्याकडं ऊन लई, मालक. जाड ऑइल टाका.’ हा सल्ला मराठवाड्यात मिस्त्रीपासून मेहुण्यापर्यंत सगळे देतात. मायेने देतात, पण टर्बो गाडीसाठी तो चुकीचा आहे.

कारण बघा. थर्मोस्टॅट इंजिनातलं पाणी ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. बाहेर डिसेंबरची पहाट असो की मे महिन्याची दुपार. ऑइल साधारण १०० अंशांवर काम करतं आणि टर्बोच्या बुशात त्याहून बरंच वर. बाहेरच्या १२ किंवा ४२ अंशांचा तिथे फारसा संबंध पोचत नाही.

आता गंमत. ५डब्ल्यू-३० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा १०० अंशांवर मोजला तर १० ते १२ एकक भरतो. तेच ऑइल ४० अंशांवर, म्हणजे अहमदपूरच्या भर उन्हाळ्यात रात्रभर उभ्या गाडीत असेल त्याहूनही जास्त गरम असताना, सुमारे ६० एकक दाट असतं. जवळजवळ सहापट! आणि तुमचं जाडजूड १५डब्ल्यू-४० त्याच ४० अंशांवर सुमारे ११०. म्हणजे इंजिनाच्या हिशेबाने आपल्याकडे बारा महिने थंडीच असते. चावी मारल्यावर पहिल्या काही सेकंदांत ऑइल टर्बोपर्यंत पोचायला हवं, आणि टर्बो पंपापासून लांबच्या नळीच्या टोकाला बसलेला असतो. पातळ ऑइल आधी पोचतं.

ग्रेडमधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० अंशांतही इंजिन फिरू शकेल आणि उणे ३५ अंशांतही पंपाला ते ओढता येईल, इतकं ऑइल वाहतं. अहमदपूरला उणे तीसची गरज कधीच पडणार नाही. पण तिथे वाहणारं ऑइल इथल्या पहाटेच्या दहा अंशांत सहज धावतं, हा फायदा रोज सकाळी मिळतो.

मग उष्णतेत ताकद कशी मोजतात? त्यासाठी वेगळी परीक्षा आहे. ऑइल १५० अंशांवर तापवून अतिशय अरुंद फटीतून प्रचंड वेगाने घासून बघतात. बेअरिंगमधली खरी अवस्था तशीच असते. यात ३० ग्रेडला किमान २.९, तर ५डब्ल्यू-४०ला किमान ३.५ गुण लागतात. युरोपीय सी३ मानक मात्र ३० ग्रेडच्या ऑइलकडूनही ३.५ची मागणी करतं. म्हणजे ‘तीस’ लिहिलेल्या दोन डब्यांत केवढा फरक असू शकतो! नुसत्या आकड्यावर ऑइल घेणारा इथेच चुकतो.

एरंडापासून जेटपर्यंत

आपल्या शेताच्या बांधावर उगवणाऱ्या एरंडाने विमानं उडवली आहेत. पहिल्या महायुद्धातल्या अनेक लढाऊ विमानांचं गोल फिरणारं इंजिन एरंडेल तेलाच्या वंगणावर चालायचं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही आणि उष्णतेत घट्ट पकडून राहतं, म्हणून ते निवडलं होतं. जळलेल्या तेलाचा धूर तोंडावर घेत उडणाऱ्या वैमानिकांची पोटं बिघडत, असं सांगतात. एरंडेलाचा गुण घराघरांत ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना हे पटायला जड नाही.

पुढचा टप्पा आणखी सुरस. एरंडेलापासून सेबॅसिक आम्ल काढतात. त्यापासून बनवलेले एस्टर हे जेट विमानांच्या इंजिनांचं सुरुवातीचं सिंथेटिक ऑइल ठरले. साधं खनिज तेल जेटच्या टर्बाइनमध्ये टिकत नव्हतं, एस्टर टिकले. तुमच्या गाडीतला टर्बो हाही टर्बाइनच, आणि त्रासही तोच: प्रचंड वेग, प्रचंड उष्णता. आजच्या काही महागड्या सिंथेटिक ऑइलमध्ये एस्टर असतात. जगात एरंडी पिकवण्यात भारत पहिला आहे, बहुतांश गुजरातेत.

उंचीवरची हवा

टर्बोची कल्पना स्विस अभियंता अल्फ्रेड ब्यूखीची. पेटंट १९०५चं. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं इंजिन टर्बोसकट ट्रकवर लादून १४,००० फुटांच्या पाइक्स पीक डोंगरावर नेलं आणि विरळ हवेतही इंजिनाची ताकद टिकते, हे तिथे दाखवून दिलं.

मोटारीत टर्बो आला १९६२ साली. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबिल जेटफायरला पेट्रोलबरोबर एक खास द्रवही भरावा लागे, डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण. टाकी रिकामी झाली की टर्बोचा जोर कमी व्हायचा. मालक ती भरायला विसरायचे. शेवटी कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बो काढून दिले. पुस्तकात लिहिलेलं न पाळण्याची ही परंपरा टर्बोइतकीच जुनी आहे.

लातूरला पाणी आणणारा टर्बो

एप्रिल २०१६. लातूर शहराचे नळ कोरडे. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींमध्ये सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली. पुढे ‘जलदूत’ हे नाव घराघरांत गेलं आणि फेऱ्या पन्नास वाघिणींच्या झाल्या. त्या गाड्या ओढल्या डिझेल इंजिनांनी, आणि आपल्या रेल्वेची ही मोठी डिझेल इंजिनं टर्बोवाली.

लातूर रोड जंक्शनवर जुन्या डिझेल इंजिनाला गाडी ओढायला लागताना पाहिलं असेल तर काळ्या धुराचा लोटही आठवत असेल. डिझेल भसकन वाढतं, पण टर्बोला वेग पकडायला थोडा वेळ लागतो. तोवर हवा कमी पडते आणि धूर होतो. टर्बो फिरू लागला की धूर विरतो. तुमच्या गाडीत पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम पिकअप येतो, तेही यामुळेच.

टर्बोचा मराठी मुलूख

ज्याने आपल्या गावांत टर्बो घरोघरी नेला ते इंजिन १.३ लिटरचं फियाट मल्टिजेट. जानेवारी २००७ मध्ये ते डिझेल स्विफ्टमधून आलं आणि पुढे मारुती, टाटा, फियाट अशा घरांत नांदलं. टाटा आणि फियाटसाठी ते पुण्याजवळ रांजणगावला बनायचं. टाटाची नेक्सॉन रांजणगावचीच. महिंद्राची इंजिनं इगतपुरीला बनतात. स्कोडा-फोक्सवॅगनचं एक लिटरचं टर्बो पेट्रोल चाकणला. इंजिनं आणि गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. आणि ऑइलचं मूळ द्रव्य बनवणारी देशातली सर्वांत मोठी ल्युब रिफायनरी आहे मुंबईच्या माहुलला, हिंदुस्तान पेट्रोलियमची. टर्बो आणि त्याचं ऑइल, दोन्हींत महाराष्ट्राचा हात मोठा आहे, आणि याचा मला फार अभिमान वाटतो.

‘सिंथेटिक’वरून झालेलं भांडण

मोबिल-१ हे सिंथेटिक ऑइल १९७४ साली अमेरिकेत दुकानात आलं. तेव्हा सिंथेटिक म्हणजे कारखान्यात रेणू जोडून बनवलेलं, असाच अर्थ होता. पुढे कॅस्ट्रॉलने कच्च्या तेलापासूनच, पण हायड्रोजन आणि उत्प्रेरक वापरून इतकं शुद्ध मूळ तेल वापरायला सुरुवात केली की त्यालाही सिंथेटिक म्हटलं. मोबिलने तक्रार केली. १९९९ साली अमेरिकेतल्या जाहिरात तंटे सोडवणाऱ्या मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून जगातल्या बहुतेक बाजारांत दोन्ही प्रकारच्या डब्यांवर ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेलं असतं. आपल्याकडेही.

म्हणून काय फसवणूक झाली का? माझ्या मते नाही. चांगल्या शुद्धीकरणाचं हे ‘तिसऱ्या गटाचं’ तेल रोजच्या टर्बो गाडीला पुरेसं उत्तम आहे. शेलने तर कतारमध्ये नैसर्गिक वायूपासून मूळ तेल बनवून दाखवलं, त्यात कच्च्या तेलाचा थेंब नाही. गट तिसरा की चौथा (रेणू जोडून बनवलेला), यावर वाद घालण्यापेक्षा डबा कोणत्या परीक्षा पास झाला आहे ते बघा.

साध्या खनिज तेलापेक्षा सिंथेटिक पुढे का, ते एका परीक्षेत दिसतं. ऑइल २५० अंशांवर तासभर ठेवायचं आणि किती उडून गेलं ते मोजायचं. आजच्या अमेरिकी एपीआय एसपी मानकाच्या ऑइलला १५ टक्क्यांहून जास्त उडायची परवानगी नाही, युरोपीय सी३ला १३ टक्के. हलकं, भेसळीचं तेल इथे उघडं पडतं. गाडी ऑइल खाते अशी तक्रार असते, त्यातलं काही असं वाफ होऊनच गेलेलं असतं. शिवाय साधारण नियम असा की तापमान दहा अंश वाढलं की ऑइल सडण्याचा वेग दुप्पट होतो. टर्बोशेजारी दहा अंश म्हणजे काहीच नाही.

घाट चढताना ‘टक्’

छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांचा एक खास रोग आहे. कमी फेऱ्यांवर खूप जोर लावला, म्हणजे चौथ्या-पाचव्या गिअरमध्येच कुंथत चढ चढवला, की कधी कधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. मोठा ‘टक्’ आवाज होतो. जोर इतका असतो की पिस्टनची कड तुटू शकते.

तपास करताना अभियंत्यांना धक्का बसला, कारण गुन्हेगारांमध्ये ऑइलही निघालं! ऑइल स्वच्छ ठेवण्यासाठी घातलेल्या पदार्थांतलं कॅल्शियम या अवेळी पेटण्याला हातभार लावत होतं. मग ऑइलचा मसालाच बदलला. कॅल्शियम कमी केलं, काही ठिकाणी मॅग्नेशियम आणलं. एपीआय एसएन प्लस हे मानक मे २०१८ मध्ये आलं, एसपी १ मे २०२० पासून, आणि एसक्यू मार्च २०२५च्या अखेरीस. टर्बो पेट्रोलसाठी डब्यावर एसपी किंवा त्यापुढचं अक्षर हवंच. जुन्या साठ्यातलं एसएल, एसएम स्वस्तात मिळालं तरी नको. आणि बालाघाटाच्या चढाला एक गिअर खाली घ्या. टर्बोही खूश, पिस्टनही.

जळत नाही ती राख

एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारी जाळी बसली, डीपीएफ. जाळी भरली की गाडी स्वतःच तापमान वाढवून काजळी जाळून टाकते. पण ऑइलमधल्या धातूंची राख कशानेही जळत नाही. ती जाळीत बसून राहते, कायमची. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं: सी२, सी३ यांत राख ०.८ टक्क्यांपर्यंतच. जुन्या ए३/बी४ प्रकारात त्याच्या जवळजवळ दुप्पटही असू शकते. तेही उत्तम सिंथेटिक, तेही महाग, पण तुमच्या जाळीला घातक.

अजून एक. काजळी जाळताना थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. बाजार, शाळा, घर एवढंच फिरणाऱ्या गाडीत हे काम अर्धवट राहतं आणि मग डिपस्टिकवर पातळी चक्क वाढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणून आनंद मानू नका, ते पातळ झालंय. अहमदपूरकरांना उपाय दाराशीच आहे: ३६१ क्रमांकाच्या महामार्गावर अधूनमधून गाडी सलग, मोकळी पळू द्या.

डबा उलटा करा

आता काउंटरवर. डब्याच्या पुढच्या बाजूला चित्र, चकाकी, मोठी अक्षरं. तो भाग सोडा. डबा फिरवा आणि मागचे बारीक ठसे वाचा.

पहिला आकडा ग्रेडचा: ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-४०. पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर तेच टाका. ते पाण्यासारखं वाटतं म्हणून घाबरू नका. त्या इंजिनाचा पंप, फटी, बेअरिंग त्याच हिशेबाने बनवलेत. मग एपीआयची अक्षरं: ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलची, ‘सी’ची डिझेलची. मग एसीईए, म्हणजे युरोपीय मानक, वरचे सी२, सी३ त्यातलेच. शेवटी काही डब्यांवर गाडी-कंपनीचा स्वतःचा क्रमांक. इथे शब्द नीट बघा. ‘अप्रूव्हल’ लिहिलं असेल तर त्या कंपनीने तपासून मान्यता दिली आहे. ‘सुटेबल फॉर’ हा ऑइल विकणाऱ्याचा स्वतःचा दावा.

हे सगळं पुस्तकाशी जुळलं की ब्रँड कोणताही चालेल. सर्वो, माक, एचपी हे सरकारी कंपन्यांचे डबे कमी प्रतीचे, आणि परदेशी नावाचे वरचे, हा समज काढून टाका. परीक्षा एकच असते. आणि पुस्तकात सिंथेटिक सांगितलं असताना सेमी सिंथेटिक घालून काही शे रुपये वाचवणं मला अजिबात पटत नाही. टर्बो बदलायला हजारो रुपये लागतात.

शेजारच्या गाडीचं नको

मोटारसायकलचं ऑइल वेगळं. तिचा क्लच बहुतेकदा ऑइलमध्येच बुडालेला असतो. क्लच घसरू नये म्हणून जपानी जासो एमए मानकाचं ऑइल लागतं. ते कारमध्ये नको, कारचं बाइकमध्ये नको. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या मोठ्या ड्रममधलं तर टर्बो कारमध्ये मुळीच नको, ते कितीही ताजं असलं तरी. शेतकऱ्याच्या घरी ड्रम उघडा असतो आणि हात आपोआप जातो, हे मला माहीत आहे. हात आवरा.

वाटेत पातळी अचानक खाली गेली आणि आपलं ऑइल मिळालं नाही, तर त्याच वर्गाचं दुसऱ्या कंपनीचं लिटरभर टाकून गाव गाठता येतं. एपीआयच्या मानकाची ऑइलं एकमेकांत मिसळू शकतात. कोरड्या इंजिनापेक्षा मिश्र ऑइल लाख पटीने बरं.

काळं झालं म्हणजे बिघडलं?

डिझेल गाडीत नवं ऑइल टाकून गावाला एक चक्कर मारा, पट्टी काढा. काळं! लोक म्हणतात, नकली होतं. खरं तर ऑइलने जुनी काजळी आपल्यात ओढून घेतली, म्हणजे ते आपलं काम चोख करतंय. रंगावरून ऑइलचं आयुष्य ठरवू नका. घाबरायचं ते दुधाळ रंगाला, त्यात पाणी शिरलेलं असतं. आणि सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला तर ऑइल जळतंय. टर्बोची शिट्टी एकाएकी मोठी झाली तर त्याच दिवशी दाखवा.

बदलायचं कधी? पुस्तकात सहसा दहा हजार किंवा पंधरा हजार किलोमीटर, अथवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘कठीण परिस्थिती’ असते: धूळ, छोट्या फेऱ्या, ओझं. सोयाबीनची मळणी सुरू झाली की आपल्या शिवारात उडणारी धूळ, काळ्या मातीचे रस्ते, कारखान्याच्या हंगामातली ट्रॉल्यांमागची रखडपट्टी, हे सगळं त्याच बारीक अक्षरांत बसतं. म्हणून मी इथल्या टर्बो गाडीला आधीच बदलायला सांगेन आणि एअर फिल्टर मळणीनंतर आवर्जून बघायला सांगेन. फिल्टरची कड नीट बसली नाही तर धूळ थेट टर्बोच्या चाकावर जाते. आवाजाच्या वेगाने धावणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना वाळूचा कणही पुरतो. ऑइल फिल्टर दर वेळी नवा. नव्या ऑइलला जुन्या फिल्टरमधून पाठवण्यात काय अर्थ?

रिकाम्या डब्याचं काय करता?

नकली ऑइलची सुरुवात बऱ्याचदा खऱ्या डब्यापासून होते. रिकामा, स्वच्छ, लेबल शाबूत असलेला डबा भंगारात गेला की त्यात काहीही भरून पुन्हा झाकण लावता येतं. म्हणून ऑइल बदलताना समोर थांबा. सील तुमच्यासमोर तुटू द्या. डब्यावर कोड असेल तर मोबाइलने तपासा, बॅच नंबर आणि तारीख बघा, पक्कं बिल घ्या. आणि रिकाम्या डब्याला जाताना खिळ्याने चार भोकं पाडा. या चार भोकांनी दुसऱ्या कुणाचा तरी टर्बो वाचतो.

राहिलं काढलेलं काळं ऑइल. आपल्याकडे ते दाराच्या चौकटीला वाळवीसाठी, नांगराला, बैलगाडीच्या चाकाला सर्रास जातं, आणि उरलेलं बांधावर ओततात. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूंचे कण असतात, अपूर्ण जळालेल्या इंधनातली कर्करोगाशी जोडलेली संयुगं असतात, आणि कातडीला ती रोज लागणं चांगलं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबाने एका गाडीच्या एका ऑइल बदलातून निघणारं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. लातूरला आलेल्या पहिल्या जलदूताने आणलेलं पाणी पाच लाख लिटर होतं.

केंद्र सरकारने वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू केले आहेत, आणि शुद्ध करून त्यापासून पुन्हा मूळ तेल बनवता येतं. तुमच्या गॅरेजवाल्याला विचारा, काळं ऑइल ड्रममध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याला देता का? नसेल देत, तर पुढच्या वेळी देणारं गॅरेज शोधा. आणि विहिरीजवळ, ओढ्याकाठी, बांधावर ते एक थेंबही ओतू नका.